कंसातली झाशी

हिंदी कवी मैथिलीशरण गुप्तांच्या 'भारत-भारती', 'पंचवटी', 'साकेत', 'यशोधरा' यांपैकी कुठल्याही पुस्तकाची जुनी आवृत्ती हाती आली, तर तिच्यावर प्रकाशकाचा पत्ता असा सापडतो : साहित्य सदन, चिरगाँव (झाँसी). गाव उघड्यावर आणि शहर कंसात. गावापुढे जिल्ह्याचं नाव कंसात लिहायची रीत तेव्हा सर्रास होती. टपाल खात्याच्या सोयीची गोष्ट, तिच्यात कुणाचा मानापमान शोधायचं कारण नाही. तरी हिंदी शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात हा क्रम असाच बसून गेला. राणी लक्ष्मीबाईची झाशी, रेल्वेच्या मोठ्या जंक्शनची झाशी, 2011 च्या जनगणनेत पाच लाखांवर गेलेली झाशी, ही इथे पत्राची पिशवी ओळखण्यापुरती उरली.

मोठ्या शहराला चिकटून असलेल्या छोट्या वस्तीचं सहसा असं होत नाही. शहर वाढतं, हद्द सरकते, एक दिवस गावाच्या वेशीवर महापालिकेचा फलक लागतो आणि गाव 'पेठ' किंवा 'उपनगर' होऊन जातं. चिरगाव तसं झालं नाही. एक तर ते झाशीपासून तीसेक किलोमीटरवर आहे, एवढं अंतर आपोआप गिळलं जायला वेळ लागतो. पण निव्वळ अंतराने सगळं उलगडत नाही. या गावाचं झाशीच्या आत असणं-नसणं हा वाद दोनशे वर्षांपूर्वीच एकदा रीतसर लढला गेला होता, आणि त्यात एक पक्ष मराठी होता.

झाशीहून कानपूरच्या दिशेने निघालं की आधी बडागाव लागतं, मग पारीछा. तिथे बेतवेवर इंग्रजांनी 1880 च्या दशकात बांधलेला बंधारा आहे आणि 1980 च्या दशकात सुरू झालेलं औष्णिक वीज केंद्र. धुराडी लांबून दिसतात. मग चिरगाव, आणि याच रस्त्याने पुढे गेलं की काल्पी. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मुळे मराठी वाचकाला ते नाव परकं नाही. हा रस्ता आता पोरबंदरपासून सिलचरपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 27 चा भाग आहे. गुजरातचा माल आसामकडे नेणारे ट्रक चिरगावच्या अंगावरून जातात. झाशी-कानपूर लोहमार्गावर गावाचं स्वतःचं स्टेशन आहे. तहसील मोठ, जिल्हा झाशी. आणि कारभार नगरपालिका परिषदेचा.

ही नगरपालिका शहराचं काम करते की गावाचं, हे ठरवणं अवघड आहे. गव्हाच्या, हरभऱ्याच्या, मटाराच्या, तिळाच्या हंगामात इथली बाजार समिती भरते, आणि रस्त्यावर मोटारींपेक्षा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जास्त महत्त्वाच्या असतात. बुंदेलखंडात भाकड जनावरं मोकळी सोडून देण्याच्या रिवाजाला 'अन्ना प्रथा' म्हणतात. पूर्वी पीक निघाल्यावर जनावरं सोडायची आणि पेरणीला परत बांधायची अशी ती पद्धत होती. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर परत बांधायचं कारणच संपलं. 2019 च्या सुरुवातीला उत्तर प्रदेश सरकारने या जनावरांसाठी निवारे उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, त्यात ग्रामपंचायती होत्या तशा नगरपालिकाही. म्हणजे गटारं, दिवे, घरपट्टी यांच्या जोडीला गुरांचा चारा-पाणी हाही नागरी कारभार झाला. पुणे-मुंबईच्या नगरसेवकाला हे ऐकून हसू येईल. त्याने हसण्याआधी आपल्या प्रभागातल्या भटक्या कुत्र्यांचं काय झालं ते आठवावं.

शहर कशाला म्हणायचं याची जनगणनेची व्याख्या तशी चोख आहे : किमान 5,000 वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. पण ज्या जागी कायद्याने नगरपालिका आहे तिला ही परीक्षा द्यावीच लागत नाही. ती आपोआप शहर. चिरगाव या दुसऱ्या दाराने आत आलेलं आहे. 2011 मध्ये त्याची वस्ती वीस हजारांच्या आत होती. महाराष्ट्राच्या 1965 च्या कायद्याची मोजपट्टी लावली तर एवढ्या लोकसंख्येला नगरपंचायत मिळेल, नगरपरिषदेसाठी सर्वसाधारणपणे 25,000 लागतात. अर्थात आपल्याकडेही माथेरान आहे, पन्हाळा आहे. पाचेक हजारांच्या आतल्या या वस्त्या नगरपरिषदेचा मान टिकवून आहेत, माथेरान तर 1905 पासून. त्यांना थंड हवेने तारलं. चिरगावला थंड हवा नाही. उन्हाळ्यात बुंदेलखंडात पारा 45 च्या वर जातो.

आता त्या जुन्या वादाकडे. ओरछ्याचा बुंदेला राजा वीरसिंह देव याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला झाशीचा किल्ला बांधला. त्याच्याच वंशातल्या बडागावच्या दिवाण रायसिंहाने आपली जहागीर आठ मुलांत वाटून दिली. त्या वाटण्या पुढे 'अष्टभैया' जहागिऱ्या म्हणून ओळखल्या गेल्या : धुरवई, बिजना, टोडी फतेहपूर, बंका पहाडी, आणि त्यांच्यातच चिरगाव. नंतर मराठे आले. 1742 च्या सुमारास नारो शंकरांनी झाशीचं शहर वसवलं, वाढवलं, आणि पुढे नेवाळकरांची सुभेदारी स्थिरावली. या आठ भावांच्या जहागिऱ्यांवर झाशीचा हक्क किती, हा प्रश्न तेव्हापासूनचा. पेशव्यांनी 1817 च्या तहात बुंदेलखंडातले हक्क सोडल्यावर तो उघडपणे पुढे आला. झाशीकर म्हणणार हे आमचे मांडलिक. ओरछा म्हणणार हे आमचे भाऊबंद. कंपनी सरकारने 1821 मध्ये जो निकाल दिला तो खास कारकुनी शहाणपणाचा होता : जहागिरदार थेट इंग्रजांच्या ताब्यात राहतील, झाशीला तिची ठरलेली खंडणी मिळत राहील, आणि ओरछ्याला घराण्याचा वडीलकीचा मान द्यावा. पैसा एकाला, मान दुसऱ्याला, सत्ता आपल्याला. या निकालावर 1823 मध्ये सनदा दिल्या गेल्या, आणि चिरगावचा ठाकूर पंचवीस-सव्वीस गावांचा स्वतंत्र धनी झाला.

हे स्वातंत्र्य अठरा वर्षं टिकलं. 1841 मध्ये राव बखतसिंहाने इंग्रजांशी उघड लढाई घेतली. गढी जमीनदोस्त झाली, जहागीर जप्त झाली, राव हुसकावला गेला आणि पुढे पनवारीला मारला गेला. 1857 च्या सोळा वर्षं आधीचा हा प्रसंग. झाशीची राणी तेव्हा अजून झाशीत आलीही नव्हती. तिचं आणि गंगाधररावांचं लग्न 1842 मधलं. बखतसिंहावर पोवाडे झाले नाहीत. इतिहास मोठ्या किल्ल्यांची आठवण ठेवतो, छोट्या गढ्यांची जबाबदारी गॅझेटियरवर सोडतो, आणि गॅझेटियरने ती दोन ओळींत उरकली.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढची आहे. 1857 चा उठाव मोडून काढल्यावर इंग्रजांनी झाशीचं शहर आणि किल्ला 1861 मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देऊन टाकला. जिल्ह्याचं मुख्य ठाणं शहराबाहेर 'झाशी नौआबाद' नावाच्या वस्तीत थाटलं. पंचवीस वर्षं असा प्रकार चालला की झाशी जिल्हा इंग्रजांचा, पण झाशी शहर त्या जिल्ह्यात नाही. चिरगाव मात्र होतं. कागदोपत्री त्या काळात चिरगाव झाशी जिल्ह्याचं झाशी शहरापेक्षा जास्त होतं. 1886 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत देऊन इंग्रजांनी झाशी पुन्हा ताब्यात घेतली.

आणि त्याच वर्षी, 3 ऑगस्टला, चिरगावातल्या सेठ रामचरण या गहोई वैश्य व्यापाऱ्याच्या घरी मैथिलीशरण जन्मले.

गुप्तांचं घर पैशाने बरं होतं आणि रामभक्तीने भारलेलं होतं. मुलगा गावच्या शाळेत शिकला, पुढच्या शिक्षणासाठी झाशीच्या मॅकडॉनल हायस्कुलात पाठवला गेला, आणि तिथे त्याचं मन रमलं नाही. पतंग आणि चकरी यांत तो जास्त तरबेज होता, असं त्याचे चरित्रकार प्रेमाने सांगतात. शाळा सुटली, तो गावी परतला. शहराने नापास केलेला मुलगा गावाने पास केला, असं म्हणायचा मोह होतो. पण खरं श्रेय घरातल्या माणसांना जातं. त्यात मुंशी अजमेरी होते. जन्माने मुसलमान, वृत्तीने वैष्णव म्हणावेत असे, गायक आणि कवी, आणि गुप्तांच्या वाड्यात घरच्यासारखे वावरणारे. संस्कृत, बंगाली, ब्रज भाषेतली कविता, हे सगळं मैथिलीशरणांनी चिरगावात बसून आत्मसात केलं. मायकेल मधुसूदन दत्तांचं 'मेघनादवध' त्यांनी पुढे हिंदीत आणलं ते या घरगुती बंगालीच्या जोरावर.

तरीही शहराचा एक उपकार मान्य करावाच लागतो. महावीरप्रसाद द्विवेदी तेव्हा झाशीच्या रेल्वे कचेरीत नोकरीला होते. 1903 मध्ये ते 'सरस्वती' मासिकाचे संपादक झाले आणि हिंदी कवितेने ब्रज सोडून बोलीच्या जवळची खडी बोली धरावी, म्हणून त्यांनी हट्ट धरला. चिरगावचा हा तरुण त्यांच्याकडे गेला, कविता पाठवत राहिला, दुरुस्त्या सोसत राहिला. 'सरस्वती'त राजा रविवर्म्याची चित्रं छापून येत आणि त्यांवर कविता लिहवून घेतल्या जात. अशा बऱ्याच कविता मैथिलीशरणांच्या आहेत. (रविवर्म्याचा छापखानाही पुढे मुंबईतून निघून लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला होता. त्या काळी छापखान्याला खेडं वर्ज्य नव्हतं.) 1908 मध्ये द्विवेदींच्या 'सरस्वती'त एक लेख आला : कवींनी लक्ष्मणाच्या ऊर्मिलेकडे दुर्लक्ष का केलं? मुळात हा प्रश्न रवींद्रनाथांनी बंगालीत उपस्थित केलेला. चिरगावच्या कवीने तो मनावर घेतला आणि 'साकेत' लिहून पुरं करायला वीसेक वर्षं घेतली. ज्याला कुठे पोचायची घाई नाही अशाच माणसाला हे परवडतं.

'भारत-भारती' मात्र लवकर आली, 1912 च्या सुमारास. भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य अशा तीन खंडांतली ही दीर्घ कविता हिंदी पट्ट्यातल्या शाळा-शाळांत आणि सभा-सभांत पाठ झाली. तिचं काव्यमूल्य आज तपासलं तर समीक्षक नाक मुरडतील, आणि त्यांचं फार चुकणारही नाही. पुष्कळ ठिकाणी ती छंदात बसवलेलं भाषण आहे. पण तिने एक गोष्ट केली. हिंदीच्या वाचकाला चिरगावचा पत्ता दिला.

कारण पुस्तकं काढायला गुप्तांनी अलाहाबाद किंवा काशी गाठली नाही. भावांनी गावातच साहित्य सदन काढलं, छापखाना काढला; थोरले बंधू रामकिशोर यांचं नाव प्रकाशक म्हणून छापलं जाऊ लागलं. इंडियन मिडलँड रेल्वेने 1880 च्या दशकाच्या अखेरीस झाशी-कानपूर मार्ग टाकला नसता तर हे जमलं नसतं. स्टेशन दारात आहे, पोस्ट आहे, म्हटल्यावर पुस्तकाच्या दुकानदाराला माल काशीहून आला की चिरगावहून, याने काय फरक पडतो? इथे लेखक घरचा, प्रूफं घरची, छापखाना घरचा आणि नफाही घरचा. ज्या काळात लेखक प्रकाशकाच्या दारात जोडे झिजवत, त्या काळात एका निमशहरी व्यापारी घराने वितरणाचं गणित बरोबर मांडलं होतं. 'राष्ट्रकवी'च्या हारांत हा हिशोबी भाग झाकला जातो, आणि तो झाकू नये. वैश्य घरातली व्यापाराची समज नसती तर चिरगावच्या कवितेला चिरगावातच राहता आलं असतं का, याची शंका आहे. झाशीच्याच वृंदावनलाल वर्मांनीही पुढे मयूर प्रकाशन काढलं आणि 1946 ची 'झाँसी की रानी' ही कादंबरी तिथूनच वाचकांपर्यंत पोचवली. म्हणजे या वाऱ्याला जिल्ह्यात जमीन होती.

मराठीत याला जोड शोधायची तर औंध आणि वाई. पंडित सातवळेकरांनी औंधच्या छोट्या संस्थानात स्वाध्याय मंडळ चालवलं आणि वेदांच्या संहिता तिथून छापून देशभर पाठवल्या. वाईला तर कृष्णाकाठी, घाटांच्या आणि देवळांच्या गर्दीत, मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते मुंबईला जाऊ दिलं नाही. पेंड्र्याचंही उदाहरण आहे : छत्तीसगडातल्या या लहानशा गावातून माधवराव सप्रे नावाच्या मराठी माणसाने 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. पण औंधच्या मागे राजा होता, वाईच्या मागे सरकार होतं. चिरगावच्या मागे एका घराशिवाय कुणी नव्हतं.

मैथिलीशरणांना गावात आणि पुढे दिल्लीतही 'दद्दा' म्हणत. बुंदेली घरात थोरल्या भावाला म्हणायचा हा शब्द. हॉकीचे ध्यानचंद, तेही झाशीचे, तेही दद्दाच. 1936 मध्ये पन्नाशीनिमित्त काशीत सत्कार झाला, गांधीजींनी राष्ट्रकवी म्हटलं. 1941 मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाच्या काळात त्यांना अटक झाली; आधी झाशीच्या आणि मग आग्र्याच्या तुरुंगात सात महिने काढून ते सुटले. 1952 मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमलं आणि बारा वर्षं ते दिल्लीत ये-जा करत राहिले. अर्थसंकल्पावरचं भाषणसुद्धा ते पद्यात करत, ही आठवण संसदेच्या गोष्टींत अजून सांगितली जाते. अर्थमंत्र्याला उत्तर देताना यमक सापडलं का, ते कुणी नोंदवून ठेवलेलं दिसत नाही.

एवढं सगळं वाचून चिरगाव म्हणजे वडाच्या सावलीतलं काव्यमय गाव असं चित्र मनात उभं राहत असेल तर धाकट्या भावाकडे वळावं. सियारामशरण गुप्त, जन्म 1895, आयुष्यभर दम्याने गांजलेले. थोरल्याच्या नावाखाली झाकले गेले. ते साहजिकही होतं आणि अन्यायाचंही. त्यांनी 'नारी'सारख्या कादंबऱ्या लिहिल्या, 'झूठ-सच' नावाचा ललित निबंधांचा संग्रह केला. पण त्यांची सगळ्यात जास्त वाचली गेलेली रचना 'एक फूल की चाह', नववीच्या हिंदीच्या पाठ्यपुस्तकातून लाखो मुलांपर्यंत पोचलेली. साथीच्या तापाने फणफणलेली एक दलित मुलगी देवीच्या प्रसादाचं एक फूल मागते. बाप देवळात जातो, ओळखला जातो, मार खातो, तुरुंगात जातो. सुटून येतो तेव्हा मुलगी राहिलेली नसते. कवितेत गावाचं नाव नाही. पण जो माणूस जन्मभर अशा गावात राहिला त्याने हे देऊळ लांबून आणलं असेल असं वाटत नाही.

शांत गावाची शांतता सगळ्यांची नसते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याबद्दल जे कठोर शब्द वापरले ते गांधीवाद्यांना लागले, आणि गुप्त बंधू पक्के गांधीवादी. पण धाकट्याची कविता वाचली तर तो मनातून कुणाच्या बाजूला होता हे सांगणं सोपं नाही. चिरगावचं मोठेपण थोरल्या भावाने छापलं. त्याचा खोटेपणा धाकट्याने, आणि तोही त्याच छापखान्याच्या सावलीत राहून.

बाकी गाव बुंदेलखंडी आहे. होळीला लोककवी ईसुरीच्या फागा, पावसाळ्यात आल्ह्याची वीरगाणी. नवरात्रात मुली नौरता खेळतात. भिंतीवर सुअटा नावाचा राक्षस काढायचा, अंगणात रंगाचे चौक भरायचे, रोज गाणी. आपल्याकडच्या भोंडल्याची ही लांबची बहीण म्हणायला हरकत नाही, फक्त खिरापत ओळखायचा खेळ नसलेली.

नगरपालिका आली कुठून, याचं उत्तर रुक्ष आहे पण टाळण्यासारखं नाही. जप्तीनंतर गाव सरकारी झालं, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा कारभार 1856 च्या विसाव्या कायद्याखाली चाललेला दिसतो. हा चौकीदारी कायदा. घरांवर थोडा कर बसवायचा, त्यातून पहारेकरी आणि झाडूवाले नेमायचे, बस. वस्ती तेव्हा जेमतेम चार हजारांच्या घरात. रात्री चोर येऊ नये आणि सकाळी कचरा उचलला जावा, एवढ्यावर सरकारने ज्यांचं शहरपण मोजलं त्या जागांतली ही एक. आजची नगरपालिका याच चौकीदाराची वारस आहे. लोकशाही नंतर आली. आधी काठी आणि खराटा आला.

अशा संस्था शहराच्या पोटात फार काळ जगत नाहीत. वांद्र्याला 1876 पासून स्वतःची नगरपालिका होती. गावठाणं, क्रूस, शेतं आणि मासळी यांच्यासह ते मुंबईच्या शेजारचं वेगळं गाव होतं. कुर्ल्यालाही वेगळी नगरपालिका होती. 1950 मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढली आणि दोन्ही विरून गेल्या. मागे उरली ती रनवारसारखी नावं आणि बुटकी घरं. कुणी विचारलं होतं का, असा प्रश्न आता कोर्टातही टिकणार नाही.

उलटा प्रवास मात्र महाराष्ट्रात नुकताच घडला. पुण्याच्या हद्दीत 2017 मध्ये अकरा गावं घेतली गेली. त्यांत फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. शहराचा कचरा त्यांनी आधीच वर्षानुवर्षं सोसला होता, त्यासाठी हद्दीत येण्याचीही गरज पडली नव्हती. हद्दीत आल्यावर कर वाढला, सोयी त्या वेगाने वाढल्या नाहीत. गावकऱ्यांनी बाहेर पडण्याची मागणी लावून धरली आणि 2024 मध्ये राज्य सरकारने या दोन गावांची वेगळी नगरपरिषद केली. आधी घेतलेली गावं महापालिकेने परत सोडावीत, असं क्वचितच होतं. ही गावं शांत म्हणावीत अशी नाहीत, कचऱ्याच्या डेपोशेजारी कसली शांतता. पण आपली घरपट्टी आपण ठरवू, एवढी जुनी चौकीदारी मागणी त्यांनी पुढे केली आणि ती मान्य झाली.

झाशीही हातपाय पसरते आहे. 2002 मध्ये तिथे महानगरपालिका झाली. 2023 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन केलं, जिल्ह्यातली 33 गावं त्याखाली घेतली आणि तिथे नोएडाच्या धर्तीवर नवं शहर वसवायचं ठरवलं. ही गावं ग्वाल्हेर रस्त्याच्या बाजूची. चिरगाव शहराच्या दुसऱ्या अंगाला, म्हणून सध्या या नकाशाबाहेर. जमिनीचे भाव वाढले नाहीत याचं तिथल्या कुणाला दुःख असेल तर तेही समजण्यासारखं आहे. बुंदेलखंडात शेतीने कुणाला श्रीमंत केलेलं नाही, आणि दरवर्षी कामासाठी दिल्ली-सुरतेकडे जाणारी माणसं कवितेचा पत्ता घेऊन जात नाहीत.

पण नोएडाचा नमुना नीट पाहून घ्यावा. 1976 च्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखाली नोएडा उभं राहिलं. 2011 मध्ये तिथे सहा लाखांवर लोक राहत होते, आणि तिथे महापालिका नाही. नगरसेवक नाही, महापौर नाही. प्राधिकरणाचा मुख्य कार्यकारी अधिकारी लखनौहून नेमला जातो आणि तोच पाणी, रस्ते, भूखंड सगळं पाहतो. बुंदेलखंडचं नवं प्राधिकरणही याच कायद्याचं अपत्य. मे 2023 मध्ये उत्तर प्रदेशात नागरी संस्थांच्या निवडणुका झाल्या. चिरगावात नगरपालिकेचा अध्यक्ष निवडायला लोक रांगेत उभे राहिले, नोएडाशेजारच्या दादरीतही राहिले. नोएडाच्या उंच इमारतींतल्या मतदारांना त्या दिवशी मत द्यायला जागाच नव्हती.